उत्तर येईपर्यंत थांबावे

देव माणसाशी बोलतो की नाही, हा प्रश्न मनुष्यजातीने गेली कित्येक हजार वर्षं उगाच लोंबकळत ठेवला आहे, आणि आता कोणीतरी पुढे होऊन त्याचा सोक्षमोक्ष लावायलाच हवा, असं बाइंडरने एका मंगळवारी सकाळी उभं राहून जाहीर केलं. उभं राहताना त्याच्या एप्रनची नाडी पुस्तकं दाबायच्या प्रेसच्या चाकात अडकली होती. त्यामुळे जाहीर करून झाल्यावर त्याला खाली बसता येईना.

"सोडव जरा," तो मेहुणीला म्हणाला.

"मनुष्यजातीला की तुम्हाला?"

"आधी मला."

मेहुणीने नाडी सोडवली. मग बाइंडर बसला आणि बसल्या बसल्या त्याने प्रतिज्ञा केली. देव स्वतः काही बोलेपर्यंत आपण सुईला हात लावणार नाही. वर्ष भरेपर्यंत वाट बघू. बायको गेली त्याला वर्ष होईल त्या सोमवारी दुपारी चार वाजता भंगारवाल्याला बोलवू, प्रेस देऊन टाकू, दुकानाला कुलूप लावू आणि चर्चची पायरी पुन्हा चढणार नाही.

"आणि मध्येच बोलला तर?" मेहुणीने विचारलं.

"तर बघू काय म्हणतो ते."

"बरं. तोवर चहा घेणार आहात की तोही बंद?"

चहा चालू राहिला.

प्रतिज्ञेमागचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. बाइंडरची बायको तीनच आठवड्यांपूर्वी वारली होती. दोघांनी मिळून एकतीस वर्षं पुस्तकं बांधली. कामाची वाटणी ठरलेली. पुस्तक म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या. या धंद्यात त्यांना फर्मे म्हणतात. बायको खिडकीजवळच्या स्टुलावर बसून फर्मे क्रमाने लावायची आणि एकेक करून नवऱ्याच्या हातात द्यायची. तो शिवायचा, पाठीला खळ लावायचा, पुठ्ठा चढवायचा आणि सगळा ऐवज लोखंडी प्रेसमध्ये घालून वरचं चाक गच्च पिळायचा. फर्मा घेण्यासाठी त्याने मान कधी वळवली नाही. डावा हात मागे केला की फर्मा हातात यायचा. एकतीस वर्षांत एकही पान इकडचं तिकडे झालं नाही. याचं श्रेय बाइंडर स्वतःच्या शिवणीला देत असे, आणि ती देऊ देत असे.

ती सात महिने आजारी होती. चर्चच्या मंडळीने प्रार्थना केली. साखळी करून केली, उपास करून केली, पलीकडच्या वस्तीतल्या चर्चलाही सांगून ठेवलं. इतक्या लोकांनी इतक्या वेळा एकच गोष्ट मागितल्यावर ती ऐकू गेली नसेल, असं म्हणायला जागा उरली नव्हती. एका सोमवारी सकाळी तिने पाणी मागितलं. बाइंडर पेला भरायला आत गेला, आणि तेवढ्यात ती गेली. तो पेला घेऊन बराच वेळ दारात उभा होता. मग त्याने ते पाणी स्वतःच पिऊन टाकलं, आणि ही गोष्ट त्याने पुढे कोणाला सांगितली नाही.

सांत्वनाला लोक आले. मंडळीचे सेक्रेटरी म्हणाले, "देवालाही चांगली माणसं लागतात हो."

"कशाला?" बाइंडर म्हणाला. "त्याच्याकडे फर्मे लावायचे पडलेत?"

"त्याची काहीतरी योजना असते."

"असेल ना. सगळी नको, मला नुसती अनुक्रमणिका दाखवा."

सेक्रेटरींनी टोपी डोक्यावर घातली आणि पुन्हा सांत्वन केलं नाही. त्यांच्या आयुष्यातलं हे पहिलं यशस्वी सांत्वन.

तर बाइंडर वाट बघायला बसला. वाट बघायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुठे शिकवत नाहीत. त्याला येत होती ती गिऱ्हाइकाची वाट बघायची पद्धत, तीच त्याने वापरली. खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली, हात मांडीवर ठेवले, आणि चेहरा असा केला की आपल्याला काही घाई नाही, पण आपण विसरलेलोही नाही.

तिसऱ्या दिवशी मेहुणी कामावरून आली. ती वरच्या मजल्यावर राहायची आणि सव्वीस वर्षं एका दंतवैद्याच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसून लोकांना आत सोडण्याचं काम करत होती. वाट बघणाऱ्यांबद्दल तिची काही ठाम मतं होती.

"भावोजी, दारावर 'बंद'ची पाटी आहे."

"दुकान बंदच आहे."

"अहो पण तुम्ही कोणाची तरी वाट बघताय ना? तो येऊन पाटी वाचून परत गेला तर?"

बाइंडरला पटलं. त्याने पाटी उलटी केली. लगेच एक बाई दोन वर्षांची शिवणकामाची मासिकं बांधायला घेऊन आली. दार उघडलं तसा बाइंडर ताडकन उभा राहिला, आणि बाईला बघून त्याचा चेहरा इतका पडला की ती म्हणाली, "नंतर येऊ का?" दिवसभरात असं चार वेळा झालं. शेवटी त्याने नवी पाटी लिहिली: 'दुकान बंद. वाट पाहणे चालू.'

ही पाटी भलतीच गाजली.

लोक थांबून वाचू लागले. काही जण काचेतून आत डोकावत. आत एक माणूस दाराकडे बघत ताठ बसलेला. मंडळीतल्या दोन म्हाताऱ्या बहिणी एकदा आत येऊन भिंतीशी बसल्या, अर्धा तास गप्प राहिल्या आणि "फार बरं वाटलं हो" म्हणून निघून गेल्या. पुढच्या आठवड्यात त्या स्वतःच्या उशा घेऊन आल्या. बाइंडर आतून धुमसत होता. त्याची वाट पाहणं म्हणजे सरळसरळ धरणं होतं. पण बाहेरून बघणाऱ्याला धरणं आणि ध्यान यांतला फरक कळत नाही. दोन्हींत माणूस उठत नाही.

त्यातच चर्चचे जुने पाळक निवृत्त झाले आणि नवे आले. वय जेमतेम तिशीचं, अंगावर कोट, बोलण्याची हौस दांडगी. त्यांनी पाटी वाचली आणि पुढच्याच रविवारी उपदेश केला: आपल्यामध्येच एक असा बंधू आहे, जो दुःखाने खचला नाही, कुरकुरला नाही, जो शांतपणे प्रभूची वाट पाहत बसला आहे. मंडळीने माना डोलावल्या. बाइंडर स्वतः चर्चमध्ये नव्हता, नाहीतर तो तिथल्या तिथे कुरकुरला असता. मेहुणीने घरी येऊन त्याला बातमी दिली.

"तुम्ही उदाहरण झालात, भावोजी."

"कशाचं?"

"विश्वासाचं."

"त्याला सांग, मी भांडतोय म्हणून."

"सांगितलं. ते म्हणाले, किती ही नम्रता!"

महिने गेले. देव बोलला नाही. बाइंडरने शक्य तितकी सोय करून दिली होती. रस्त्यावरच्या गोंगाटात ऐकू येणार नाही म्हणून खिडकी लावून घेतली. मग कोंडलं, म्हणून उघडली. घड्याळाची टिकटिक आड येते म्हणून घड्याळ बंद केलं, आणि मग किती वाट बघितली ते कळेना, म्हणून चालू केलं.

"तुमचं चुकतंय," मेहुणी एकदा म्हणाली. "नुसतं येऊन बसलं की झालं असं नसतं. आमच्याकडे आल्याबरोबर नाव सांगावं लागतं, कुठे दुखतंय ते सांगावं लागतं."

"त्याला माहीत नाही का कुठे दुखतंय?"

"डॉक्टरांनाही दिसतंच की. गाल हा एवढा सुजलेला असतो. तरी विचारतात."

"मी काही सांगणार नाही. सांगायचं त्याने आहे."

"मग बसा," मेहुणी म्हणाली. "आमच्याकडेही असे असतात. तोंड घट्ट मिटून बसतात आणि म्हणतात, डॉक्टर काही करत नाहीत."

वर्ष भरायला पाच दिवस राहिले. बाइंडरने भंगारवाल्याला सोमवार चारची वेळ देऊन ठेवली होती. भंगारवाला येऊन चाकाला हात लावून, प्रेसला खांद्याने जरा ढकलून बघून गेला होता. म्हणाला, दोन माणसं आणि एक लाकडी फळी लागेल. ही बातमी पाळकांच्या कानावर गेली आणि ते हिशेब करत बसले. आठ महिन्यांत त्यांनी या बंधूचा दाखला अकरा उपदेशांत दिला होता. एकदा तर शेजारच्या गावी जाऊनसुद्धा. आता उदाहरणच कुलूप लावून घरी बसलं तर उपदेशाचं काय?

बुधवारी दुपारी ते दुकानात आले. काखेत एक कापडी पिशवी होती.

"काका, एक अडचण आहे."

"वर मांडा," बाइंडर म्हणाला. "उत्तर आलं तर मलाही कळवा. मी रांगेत आहे."

"अडचण तुमच्या खात्यातली आहे," पाळक म्हणाले आणि त्यांनी पिशवी टेबलावर उलटी केली.

आतून उपासनेचं जुनं पुस्तक बाहेर आलं. पुस्तक आलं म्हणण्यापेक्षा ते जे काही उरलं होतं ते घरंगळलं. चर्चच्या पहिल्या पाळकाने ते फक्त या मंडळीसाठी छापून घेतलं होतं, आणि मोठ्या अक्षरातली ही प्रत कायम व्यासपीठावर असायची. अकरा वर्षांपूर्वी बाइंडर आणि त्याच्या बायकोनेच ते नव्याने बांधलं होतं. मध्यंतरी चर्चचं छप्पर गळलं, नेमकं व्यासपीठावर, आणि दोरा कुजला. सहा जाड फर्मे सहा दिशांना पसरले. पाळकांनी ते घाईघाईने गोळा करून गठ्ठा केला. पानांचे कोपरे पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओल्या अंगठ्यांनी खाऊन टाकले होते, आणि कोपऱ्यांबरोबर पानांचे आकडेही गेले होते.

"रविवारी लागेल," पाळक म्हणाले.

"प्रतिज्ञा आहे."

"प्रतिज्ञा धंद्याची असेल ना? ही तर सेवा आहे."

"सुई तीच आहे."

पाळकांनी सुस्कारा टाकला. "हरकत नाही. मग मीच काहीतरी करतो." आणि त्यांनी कोटाच्या खिशातून चिकटपट्टीचं रीळ काढलं.

बाइंडरने ते रीळ बघितलं. पाळकांनी नखाने पट्टीचं टोक शोधलं. ते सापडलं. कर्रर्र असा आवाज झाला आणि वीतभर चमकदार पट्टी त्या शंभर वर्षांच्या कागदावर लोंबू लागली.

देवाच्या मौनापुढे एक महिना कमी एक वर्ष टिकलेली प्रतिज्ञा चिकटपट्टीपुढे पाऊण मिनिट टिकली.

"ठेवा ते खाली!" बाइंडर ओरडला. "खाली ठेवा! माणूस आहात की कोण?" आणि तो उठला, त्याने ड्रॉवर उघडला, सुई काढली, दोरा मेणावर दोनदा ओढला आणि शिवायच्या चौकटीसमोर बसला. बसला आणि त्याने डावा हात मागे केला.

हात तसाच हवेत राहिला.

पाळक बोलके होते, पण आंधळे नव्हते. त्यांनी तो उघडा तळवा बघितला, खिडकीजवळचं रिकामं स्टूल बघितलं. ते जाऊन स्टुलावर बसले आणि गठ्ठ्यातला वरचा फर्मा त्या हातात ठेवला. बाइंडरने मान वळवली नाही. तो शिवू लागला. थोड्या वेळाने हात पुन्हा मागे आला, पुन्हा भरला. खोलीत दोऱ्याचा सरसर आवाज येत होता. पाळकांनी हा प्रसंग मनातल्या मनात पुढच्या उपदेशासाठी राखून ठेवला, आणि नंतर त्यांना त्याची थोडी लाज वाटली.

पण गप्प बसणं त्यांना जमेना. "काका, देवाचं मौन म्हणजे देवाचं नसणं नव्हे," असं म्हणत त्यांनी एक फर्मा 'मौना'बरोबर उजवीकडे हलवला, दुसरा 'नसण्या'बरोबर डावीकडे, आणि मुद्दा संपला तेव्हा जो हाताशी होता तो पुढे दिला. आपण फर्मे देतोय आणि बाइंडर क्रम बघतोय, असं पाळकांना वाटत होतं. फर्मा हातात आला म्हणजे तो बघूनच आला, अशी बाइंडरच्या हाताला एकतीस वर्षांची सवय होती. कोणीच बघत नव्हतं. खळ लावली, पुठ्ठा चढला, पुस्तक प्रेसमध्ये गेलं आणि चाक गच्च पिळलं गेलं.

"सोमवारचं काय मग?" पाळकांनी जाताना विचारलं.

"सोमवार सोमवारीच आहे. हे पुस्तकासाठी केलं, त्याच्यासाठी नाही."

रविवारी बाइंडर चर्चमध्ये गेला. देवाला भेटायला नव्हे. पुस्तक उघडल्यावर पाठ सपाट बसते की मध्ये उचलते, ते बघायला. हे त्याने मेहुणीला रस्त्यात तीनदा सांगितलं. दोघं शेवटच्या बाकावर बसली.

पाठ सुरेख बसली होती. पाळकांनी पहिलं पान उघडलं आणि बोलावणं वाचलं: या, आपण एकत्र जमू या. मंडळीने प्रतिसाद दिला. मंडळीला उपासना पाठ होती, म्हणजे ती ऐकायची गरज उरली नव्हती. पाळकांनी सोळावं पान उलटलं आणि खणखणीत आवाजात वाचलं: "देव तुम्हांला आशीर्वाद देवो. आता शांतीने आपापल्या घरी जा."

"आमेन," मंडळी म्हणाली, आणि पुढच्या दोन रांगा उठून निघाल्या.

सुरुवात होऊन सात मिनिटं झाली होती. बाहेर पडलेले लोक अंगणात उभे राहून घड्याळं बघू लागले. आत राहिलेल्यांसाठी पाळकांनी पान उलटलं. ते नवे होते, आणि छापलेल्या शब्दावर त्यांचा विश्वास होता. पुढे आभार होते: "जे आम्ही मागितलं ते तू दिलंस म्हणून." अजून कोणी काही मागितलं नव्हतं. आभारांमागून पापांची कबुली आली. सेक्रेटरींच्या कपाळाला आठ्या पडल्या. बाहेरचे लोक एकेक करून आत येऊ लागले, कारण आशीर्वाद घेऊन झाल्यावर आतले लोक नक्की काय करतायत ते त्यांना कळेना.

"भावोजी," मेहुणी कुजबुजली, "हे तुमचं काम?"

"अर्धं."

"आणि अर्धं?"

बाइंडरने हनुवटीने व्यासपीठाकडे खूण केली. पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या हातून क्रम चुकलेलं पुस्तक बाहेर गेलं होतं, आणि शंभर माणसांसमोर उघडलं होतं.

सगळ्यात शेवटी शिवला गेलेला फर्मा मागण्याचा होता. पाळक वाचत गेले: आजाऱ्यांसाठी, प्रवाशांसाठी, एकट्या राहिलेल्यांसाठी. पानाच्या तळाशी लाल शाईत एक सूचना होती. पाळकांनी तीही वाचली: "येथे पाळकाने व मंडळीने शांत राहावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे."

आजवर ही सूचना कोणी मनावर घेतली नव्हती. उत्तर पुढच्याच पानावर छापलेलं असायचं. त्यामुळे देवाचं उत्तर यायला पान उलटायला लागतो तेवढाच वेळ लागे. पाळकांनी पान उलटलं. कोरं. आणखी एक उलटलं. तेही कोरं, आणि त्यापुढे पुठ्ठा.

पाळकांनी मान वर केली. मंडळी त्यांच्याकडे बघत होती. सूचना स्पष्ट होती. ते थांबले.

पहिलं मिनिट खोकण्यात गेलं. दुसऱ्या मिनिटाला खोकणारे संपले. तिसऱ्या मिनिटाला सगळ्यांना वाटलं की आता कोणीतरी काहीतरी करेल, आणि प्रत्येकाने ते काम दुसऱ्यावर सोडलं. त्यानंतर मात्र चर्चमध्ये कोणाच्या आठवणीत कधी पडली नव्हती अशी शांतता पडली. दारातले लोक दारात थांबले. म्हाताऱ्या बहिणींनी डोळे मिटून घेतले. त्यांना सराव होता. सेक्रेटरी छताकडे बघू लागले आणि बघतच राहिले.

या शांततेपुढे काही का नाही, हे त्या सगळ्यांत फक्त एका माणसाला माहीत होतं. उत्तराचा फर्मा मागे कुठेतरी शिवला गेला होता, चुकीच्या जागी, पण मजबूत. बाइंडरला दरदरून घाम फुटला. गुन्हा केलेला माणूस करतो तेच त्याने केलं. सारवासारव सुरू केली, आणि समोर दुसरं कोणी नसल्यामुळे थेट मालकापुढे. मनातल्या मनात तो म्हणाला, क्रम चुकला. मी बघायला हवं होतं. मी कधी बघत नाही, ती बघायची. मी नुसता हात मागे करायचो. आणि एकदा सांगायला लागल्यावर ते थांबेना. ती बघायची, आणि मला वाटायचं मीच करतोय. एकतीस वर्षं तिला एकदाही म्हटलं नाही. तिने पाणी मागितलं आणि मी पेला विसळत बसलो. विसळला नसता तर वेळेवर पोचलो असतो. स्वच्छच होता तो. आणि मग मीच प्यायलो ते पाणी. मला तहान लागली होती, तिथे उभं राहून. हे तुला माहीतच असेल. तरी सांगतो.

वर्षभर ज्याने समोरच्याकडून खुलासा मागितला होता, तो माणूस आता एका दमात स्वतःचा खुलासा देत होता, आणि समोरून कोणी मध्ये बोलत नव्हतं. मेहुणीने त्याच्याकडे न बघता पर्समधून रुमाल काढून त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

अकराव्या मिनिटाला बाइंडरने नाक शिंकरलं. आवाज मोठा झाला. मंडळीला कुठलाही पुरा झालेला आवाज चालला असता.

"आमेन," सगळे म्हणाले आणि उपासना संपली.

अंगणात लोक नेहमीपेक्षा हळू बोलत होते. सेक्रेटरी पाळकांना म्हणाले, "या उपासनेत शिस्त अशी नव्हतीच. आधी आशीर्वाद काय, मग कबुली काय! माझी हरकत नोंदवून घ्या." मग जरा थांबून म्हणाले, "त्या मधल्या वेळात मला धाकट्या भावाची आठवण झाली. नऊ वर्षं बोललो नाही आम्ही. हे नोंदवू नका."

पाळकांना काय झालं ते अजून उमगलं नव्हतं. बाइंडरने त्यांच्या हातातून पुस्तक काढून घेतलं, काखेत मारलं आणि तो चालू पडला.

सोमवारी सकाळी त्याने स्वतःचीच शिवण उसवली. बाइंडर माणसाला यापेक्षा कडू काम नाही. मग पाठीवरची खळ ओल्या फडक्याने भिजवून हळूहळू खरवडली. बुधवारची नवी खळ निघाली, तिच्याखालची अकरा वर्षांपूर्वीची जुनी निघाली, आणि फर्म्यांच्या घडीवर, जिथे सुईची भोकं असतात तिथे, त्याला पेन्सिलीचा एक तुकडा दिसला. म्हणजे रेघेचा तुकडा. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एकेक, बोटाच्या पेराएवढा, तिरका. एकावर वरच्या टोकाला, एकावर मध्ये, एकावर पार खाली.

ही रेघ त्याच्या ओळखीची होती. बायको फर्मे एकेक करून द्यायच्या आधी लावलेल्या गठ्ठ्याच्या पाठीवर वरून खाली तिरकी पेन्सिल ओढायची. चाळा, असं तो समजायचा. काही बायका बोलताना पदर गुंडाळतात तसा. एकतीस वर्षं तो त्या रेघेवर खळ फासत आला होता.

त्याने फर्मे जमिनीवर मांडले, कारण टेबल लहान पडत होतं. मेहुणीने दवाखान्यातून अर्धी रजा घेतली होती. ती स्टुलावर बसून एका फर्म्याचा शेवटचा शब्द आणि दुसऱ्याचा पहिला शब्द वाचून जुळतंय का बघत होती.

"वाचू नकोस," बाइंडर म्हणाला. "रेघ जुळव नुसती. रेघ सरळ खाली उतरली की क्रम बरोबर."

"तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"आत्ता कळलं."

मेहुणीने वाकून वरच्या टोकाचा तुकडा पहिला ठेवला.

बरोबर चार वाजता भंगारवाला आला. बरोबर दोन माणसं आणि लाकडी फळी.

"आज नाही," बाइंडर गुडघ्यांवर बसल्या बसल्या म्हणाला. "प्रेस लागणार आहे."

"मग कधी?"

"सांगता येत नाही. वाट बघा."

"किती वाट बघायची?"

"मला काय विचारता? मी वर्ष घालवलं, मलाच कळलं नाही."

भंगारवाल्याने फळीकडे बघितलं, माणसांकडे बघितलं आणि तो निघाला. दारात त्याची आणि पाळकांची टक्कर झाली. पाळक धावत आले होते; केस विस्कटलेले, कोटाचं एक बटण भलत्याच काजात. भंगारवाला रिकाम्या हाताने जाताना त्यांनी पाहिला, प्रेस जागेवर पाहिली, जमिनीवर गुडघे टेकून बसलेला बाइंडर पाहिला, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"काका!" ते आत घुसत म्हणाले. "म्हणजे... तो बोलला? काल त्या शांततेत? मला वाटलंच होतं! काका, नेमकं काय म्हणाला? तुमच्याच शब्दांत सांगा, मी काही भर घालणार नाही."

बाइंडर जमिनीकडे बघत होता. रेघेच्या सहा तुकड्यांपैकी पाच एकाखाली एक लागले होते, सरळ, जशी कोणी आत्ताच ओढली असावी. त्याने त्यांच्यावरून हलकेच बोट फिरवलं. मेहुणी हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघू लागली. पाळकांनी श्वास रोखून धरला.

बाइंडरने मान वर केली.

"पाळकसाहेब," तो म्हणाला, "डावा पाय जरा उचला. आशीर्वादावर उभे आहात."